आपल्या द्राक्षाची परीक्षा

मी राहतो त्या स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात एग्ल नावाचं गाव आहे. तिथे २०१२ पासून 'मोंदियाल द्यू शास्ला' ही आंतरराष्ट्रीय वाईन स्पर्धा होते. वाईनच्या स्पर्धा जगात पुष्कळ आहेत, पण या स्पर्धेत प्रवेश एकाच द्राक्षाला, तो म्हणजे शास्ला.

शास्ला तसं अबोल द्राक्ष. त्याला ना घमघमाट, ना धारदार आंबटपणा. फ्रान्समध्ये म्वासाकला तर ते खायचं द्राक्ष म्हणूनच नावाजलेलं आहे. स्पर्धा घ्यावी ती अशाच द्राक्षाची. बाटली कुणाची हे परीक्षकांना कळू देत नाहीत, त्यांच्यापुढे पेला आणि क्रमांक एवढंच. वाण सगळ्यांचं एकच, म्हणजे जो फरक लागेल तो जमिनीचा, हवामानाचा आणि करणाऱ्याच्या हाताचा. जिनिव्हा सरोवराकाठी लावोच्या उतारावर, ज्याला २००७ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, शेतकरी तीन सूर्य सांगतात: एक आभाळातला, दुसरा पाण्यावरून उलटून येणारा, तिसरा दगडी बांधांत मुरलेला. देझाले आणि एपेस हे तिथले अगदी लागून असलेले मळे, पण दोन्हीकडची माणसं चवीतला फरक हिरिरीने सांगतात.

आपल्याकडे वाईनचा विषय निघाला की वाद दुकानाशीच अडतो. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. सरकार म्हणालं शेतकऱ्याचं भलं होईल, विरोधक म्हणाले महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होईल, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. घरच्या ग्रुपवर अजूनही यावरून भांडणं होतात.

विरोध करणाऱ्यांचं दुखणं मला खरं वाटतं. गावात दारूबंदीसाठी आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बाईला वाईन आणि दारू यांतला फरक समजावणं मला जमणार नाही, आणि जमवायचंही नाही. माझा राग आहे तो शेतकऱ्याच्या नावाने बोलणाऱ्यांवर. कोणता शेतकरी? कुठल्या गावचा? बाटलीवर वाईनरीचं नाव ठळक असतं, बाग कुणाची हे बहुतेक वेळा कळतच नाही. मग चांगला माल पिकवल्याचा मान आणि भाव त्याला मिळणार कसा?

नाशकात शेनिन ब्लां रुजून पाव शतक झालं. हे वाण मूळचं फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातलं, दक्षिण आफ्रिकेत तर पांढऱ्या वाणांत सर्वांत जास्त लावलं जाणारं. तिकडे वर्षाला एक छाटणी, आणि हिवाळ्यात वेल झोपतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो आणि काढणी साधारण जानेवारी ते मार्च. त्या उन्हात आंबटपणा किती टिकतो, दिंडोरीचा शेनिन निफाडच्या शेनिनपेक्षा वेगळा लागतो का, हे मला जाणून घ्यायचंय.

म्हणून नाशकात शेनिनचीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा व्हावी. लोआर आणि दक्षिण आफ्रिकेतल्या केपचे नमुनेही शेजारी मांडावेत. द्राक्ष आणि वाईनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार पदकं ३० टक्क्यांहून जास्त नमुन्यांना देता येत नाहीत, तो नियम आपणही कसोशीने पाळावा. पहिली काही वर्षं सगळी पदकं बाहेर गेली तरी चालतील. निकालपत्रात मात्र प्रत्येक वाईनपुढे बागेचं गाव आणि बागायतदाराचं नाव छापलंच पाहिजे.