पोल्ट्री टाकताय? आधी फाईल पाळायला शिका

पोल्ट्री टाकायचं ठरवलंय? फार छान. शेड, पिल्लं, खाद्य, शेडमध्ये अंथरायचं तूस यांची चिंता नंतर करा, आधी एक झेरॉक्स मशीन घ्या. पिल्लांना ऊब देणाऱ्या ब्रूडरची लाईट रात्री गेली तर शेगडी पेटवता येते. सातबाऱ्याची चौथी प्रत कमी पडली तर काय पेटवणार?

मग वेळ मोजायची पद्धत बदला. ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबडीचं, पिल्लू ४०-४२ दिवसांत दोन किलोच्या वर जाऊन गाडीत बसतं. ही झाली एक बॅच. आता हिशेब शिका. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला : दोन बॅच, ग्रामसभा तहकूब झाली तर तीन. वीज कनेक्शन वडिलांच्या नावावरून तुमच्या नावावर : चार. त्रुटी काढून परत आलेली फाईल पुन्हा सापडणे : हे कोंबड्यांत मोजू नका, हत्ती पाळा.

ग्रामसेवक शोधत फिरू नका. २०२४ मध्ये ते ग्रामपंचायत अधिकारी झाले आणि तलाठी झाले ग्राम महसूल अधिकारी. पाट्या बदलल्या. खुर्चीवरचा टॉवेल तोच आहे.

पेन स्वतःचं न्या.

‘साहेब मीटिंगला गेलेत’ असं सांगितलं तर कुठल्या, हे विचारू नका.

आणि आपण शेतकरी की उद्योजक, हा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. ते समोरचं टेबल ठरवतं. प्राप्तिकराला तुम्ही धंदेवाले, कारण कोंबडीचं उत्पन्न हे शेतीचं उत्पन्न नव्हे. वीजबिलात शेतकरी, पण ‘शेती-इतर’, तेव्हा पंपवाल्याच्या दराकडे बघू नका. पंचायतीच्या करआकारणीत शेड म्हणजे जवळजवळ साखर कारखाना. अनुदान मात्र आहे बरं का! राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के, जास्तीत जास्त २५ लाख. फक्त त्यासाठी पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या १००० माद्यांचा पेरेंट फार्म आणि सोबत ती अंडी उबवायची हॅचरी उभारायची. कंपनीची पिल्लं वाढवून किलोमागे चार पैसे घेणारा पाच हजार पक्ष्यांचा माणूस त्यात कुठे बसतो? बाहेर, बाकड्यावर.

जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं पशुसंवर्धनाला शेतीसमान दर्जा द्यायचं ठरवलं. २५ हजारांपर्यंत ब्रॉयलर असतील तर वीज शेतीच्या दरानं, पंचायत करही तसाच. मी पेढे वाटले. कात्रण घेऊन पंचायतीत गेलो. ‘आमच्याकडं अजून काही आलेलं नाही.’ तुम्ही कात्रण लॅमिनेट करून घ्या. घडीवर फाटतं.

आता अंतर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत शेड वस्तीपासून ५०० मीटर लांब सांगितली आहे. योग्यच आहे. मी तर २०१४ मध्येच गावाबाहेर माळावर शेड मारली. तेव्हा तिथं बाभळी होत्या आणि शेळ्या चारणारा एक म्हातारा. पुढं पलीकडचं रान कुणीतरी घेतलं, फक्कीच्या रेघा मारल्या, कमान उभी केली आणि गुंठा-गुंठा करून विकलं. लोकांनी कर्ज काढून घरं बांधली. प्लॉट दाखवायला त्यांना उन्हाळ्यात आणलं होतं म्हणे, तेव्हा वारा उलटा असतो! त्या घरांची नोंद झाली, नळ गेले, दिवे लागले. एकानंही टेप धरून शेडपर्यंतचं अंतर मोजलं नाही. आणि गेल्या बुधवारी नोटीस कुणाला? मला. ‘आपली शेड वस्तीपासून अंदाजे १८० मीटर अंतरावर असल्याचे निदर्शनास आले आहे, सात दिवसांत खुलासा करावा.’ कसला खुलासा? शेड रात्रीची चालत गेली का हो तिकडं? वस्ती आली माझ्याकडं! बरं, ‘अंदाजे’ कसं, म्हणून विचारलं, तर ‘मग तुम्ही मोजणी आणा’. मोजणीचे पैसे मी भरायचे, तारीख दोन महिन्यांनंतरची. खुलाशाला सात दिवस आणि मोजणीला दीड बॅच. पक्षी तेहतीस दिवसांचे होते त्या दिवशी. त्यांना काय सांगू, वजन वाढवू नका, प्रकरण विचाराधीन आहे?

तेव्हा माझा सल्ला : नवीन शेड बांधताना खाली चाकं लावून घ्या. कमान दिसली की ढकलायची पुढं.

चेष्टा पुरे झाली. माश्या होतात, वास येतो, मी कधी नाही म्हटलं? तूस ओलं झालं की अमोनियानं आधी माझे डोळे चुरचुरतात. म्हणून रोज तूस उलटतो, चुना मारतो, मेलेला पक्षी उघड्यावर टाकत नाही, खताची ट्रॉली झाकून नेतो. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा इथं आमची झोप उडाली होती. नियम कशाला असतात हे आम्हाला शिकवू नका. पण साहेब, यातलं एक तरी बघायला तुमच्या ऑफिसातून कुणी आलात का? शेडच्या दारात औषधाच्या पाण्याचं टोपलं ठेवलंय, पाय बुडवून आत यायला. इतक्या वर्षांत त्यात तुमच्यापैकी एकाचा पाय पडला नाही. नोटीस सुद्धा शिपायानं फाट्यावरूनच बायकोच्या हातात दिली, नाकाला रुमाल लावून.

ज्यानं प्लॉट विकले त्याला विचारायची हिंमत नाही तुमच्यात. त्याच्या कमानीखालून गाडी नेता आणि माझं अंतर मोजता?

सोमवारी पक्षी उचलायला लिफ्टिंगची गाडी येतेय. पुढची पिल्लं कधी टाकू, कंपनीचा सुपरवायझर रोज फोन करतो. त्याला काय सांगू ते सांगा साहेब. आणि तोंडी नको. सही-शिक्का मारून, जावक क्रमांक टाकून द्या. पेन माझ्याकडं आहे.