किंगपिन लाल करून पाणी ओतायचं? आधी गॅसवाल्याला परत पाठवा

‘जुन्या गाडीचा पुढचा एक्सल दहा मिनिटांत खोला’ असा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात गंजून जाम झालेली किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन, काढायचे पाच उपाय आहेत आणि खाली ‘शंभर टक्के खात्रीशीर’ असा शिक्का. तो माझ्या मेव्हण्याकडे पोचला. त्याने लगेच आपल्या मॉरिस एट या जुन्या ब्रिटिश गाडीसाठी उद्यमनगरातल्या गॅस वेल्डिंगवाल्याला सांगूनही ठेवलं, म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेजमधला फोटोच जीपचा आहे. जुन्या विलीज किंवा महिंद्रा जीपचं नकल (चाक वळवणारा सांधा) वर-खाली टेपर रोलर बेअरिंगवर फिरतं. मॉरिस एट, ऑस्टिन सेव्हन, फोर्ड मॉडेल ए या गाड्यांत एकसंध आडवा बीम असतो आणि त्याच्या टोकाच्या डोळ्यात, म्हणजे भोकात, लांब किंगपिन कॉटरने (आडव्या पाचरीने) अडकवलेली असते. दोन्हीचं खोलणं वेगळं. जे खोलायला सांगतोय ते लिहिणाऱ्याने कधी जवळून बघितलेलं दिसत नाही.

आता त्यातला सगळ्यात घातक उपाय: ‘बीमचं टोक लालभडक करा, लगेच थंड पाणी ओता, पिन गळून पडेल.’

पाणी ओतल्यावर आधी थंड होणार बाहेरचा डोळा. तो आकसणार आणि आत अजून गरम असलेली, फुगलेली पिन आणखी आवळणार. म्हणजे उपाय स्वतःच्याच हिशोबात उलटा आहे. पण खरं नुकसान पोलादाचं होतं. बीम आणि स्टब एक्सल (किंगपिनवर फिरणारा, चाक धरणारा भाग) घडवून, तापवून झटकन गार करून कडक केलेले, मग टेंपर केलेले, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवलेले असतात. ईएन ८ सारख्या पोलादासाठी बीएस ९७० या ब्रिटिश मानकात टेंपरिंगचं तापमान ५५० ते ६६० अंश सेल्सिअस दिलंय आणि हार्डनिंगचं ८३० ते ८६०. लालभडक म्हणजे टेंपरिंगची हद्द केव्हाच ओलांडली. हवेत गार झालं तर त्या जागी मऊ पट्टा राहतो. पाणी मारलं तर धातू काचेसारखा कडक होतो आणि तडकतो. वरून रंग मारला की काही दिसत नाही. करूळ घाट उतरताना पुढच्या ब्रेकचा ताण स्टब एक्सलवर येतो, तेव्हा दिसतं.

उष्णतेचा उपयोग होतो, हे मान्य करावं लागेल. पण किती उष्णता? २० मिलिमीटरचं भोक २०० अंशांनी तापलं तर जेमतेम ०.०५ मिलिमीटर मोठं होतं, आणि गंजाची पकड सोडवायला तेवढं पुष्कळ. डोळ्याची बाहेरची बाजू घासून चकचकीत करा, ज्योत फिरती ठेवा. पिवळट झाक आली की साधारण २२० अंश, निळी आली की ३०० च्या आसपास, निळ्याला थांबायचं. पिनच्या टोकावर ओलं फडकं ठेवा. गार ठेवायची ती पिन, डोळा नाही. मेणबत्ती टेकवायचा सल्ला मेसेजमध्ये आहे, तो मात्र बरोबर निघाला: गरम डोळ्याच्या फटीत मेण खरंच ओढलं जातं.

‘चाक न काढता करा’ हे तर वाचूच नका. हवा भरलेल्या टायरजवळ रिम किंवा हब तापवला तर आतल्या रबराचा गॅस होऊन टायर फुटू शकतो. चाक, ड्रम, बॅकप्लेट, सगळं आधी बाजूला काढा.

‘पिनवर घण घाला.’ कॉटर आत असताना? मेसेजमध्ये कॉटरचा उल्लेखच नाही, आणि बऱ्याच ‘जाम’ पिना कॉटर आत राहिल्यामुळेच जाम वाटतात. आधी ग्रीस निप्पल काढा, नाहीतर तुटतील. मग वरची-खालची टोपणं. मग कॉटरचा नट पूर्ण न काढता आट्यांच्या टोकाशी सपाट होईपर्यंत सैल करा, म्हणजे आटे पसरत नाहीत. डोळ्याच्या मागे जड लोखंडी ठोकळा टेकवा आणि पितळी सुंब्यावर एकच जोराचा घाव घाला. टुकटुक करत बसलात तर कॉटरचं टोक फुलतं आणि मग ड्रिलने पोखरत बसावं लागतं. किंगपिन वरून कडक केलेली असते. तिच्यावर थेट घण मारला तर टवका उडून डोळ्यात जातो, तुमच्या.

कॉटर निघाली की रात्रभर तेल मुरू द्या. गॅस लावणार असाल तर आधी ते पुसून काढा. बीम काढून हायड्रॉलिक प्रेसवर न्या. बीम स्प्रिंगला धरणाऱ्या यू बोल्टचे नट वाचवत बसू नका, कापा. नवे करून मिळतात. पिनला टप्पा असेल तर ती एकाच बाजूने निघते, ते बघूनच दाब द्या. दाब तसाच ठेवून डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकदम दोन हातोडे मारा. नाहीच हलली तर डोळा आणि स्टब एक्सलच्या मधल्या फटीतून, वर आणि खाली, पातळ कटिंग व्हीलने पिन कापा. स्टब मोकळा होतो आणि डोळ्यात फक्त तुकडा उरतो. नवी पिन ईएन ३६ पोलादात करून, कार्बुराइज करून (वरचा थर कडक करून), ग्राइंड करून घेता येते. मॉरिस एटचा बीम कुठून आणणार?

उरलेले दोन उपाय: कोल्ड्रिंक ओता आणि डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारा. कोलामधलं फॉस्फोरिक आम्ल इतकं पातळ असतं की ते वरवरचा गंज उतरवेल; घट्ट फटीत शिरणार नाही, आणि साखर मागे ठेवेल. डब्ल्यूडी-४० वाईट नाही, पण १९५३ मध्ये ते बनलं पाणी हटवून गंज रोखायला. जाम पिनेला फटीत शिरणारं पेनिट्रेटिंग ऑइल वेगळं मिळतं, ते घ्या.

आणि ज्यांनी आधीच लाल करून पाणी ओतलंय, त्यांनी तो बीम गाडीला लावू नये. डाय पेनिट्रंटने, म्हणजे तड्यात शिरणाऱ्या रंगाने, तडा सापडेल: लाल रंग दहा-पंधरा मिनिटं, पुसून पांढरा डेव्हलपर, डोळ्याभोवती आणि स्टबच्या मुळाशी नीट बघा. पण मऊ पडलेला पट्टा त्यात दिसत नाही. त्यासाठी हीट ट्रीटमेंटवाल्याकडे कडकपणा मोजून घ्या, एकदा तापवलेल्या जागी आणि एकदा बीमच्या मध्यावर. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर तो बीम भंगारात.