दहावीचे पंचाण्णव टक्के आणि सोलापूर सोडण्याची घाई

दहावीचा निकाल लागला की दोन दिवसांत एक संदेश फिरू लागतो, आणि यंदाही तो जुळे सोलापूर या आमच्या उपनगरातल्या पालकांच्या गटापासून आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाच्या गटापर्यंत सगळीकडे पोहोचला. त्याचा गाभा असा: दहावीला ९५ टक्क्यांच्या खाली असलेल्या मुलाने आयआयटी, पुण्याचे सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज किंवा सरकारी मेडिकल यांचा नाद सोडावा, बारावीच्या गुणांना आता किंमत नाही, सोलापुरात अकरावी केली तर संधी शून्य, मेडिकल हवे असेल तर मराठवाड्याच्या कोट्यासाठी लातूर गाठा, इंजिनिअरिंग हवे असेल तर हैदराबाद, पर्सेंटाइल म्हणजे टक्केच, आणि प्रवेशासाठी कॉलेजांचे पर्याय पसंतीक्रमाने भरताना मोठी कॉलेजे वर टाकली तर हातचे जाते. संदेशाच्या शेवटी हात जोडलेले असल्यामुळे तो कोणी तपासत नाही.

पहिला मुद्दा दहावीच्या टक्क्यांचा. आयआयटीचे प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डच्या क्रमांकावर, एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांचे त्याआधीच्या जेईई मेनवर, सीओईपी आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमधील बहुतेक जागांचे राज्याच्या एमएचटी-सीईटीवर आणि एमबीबीएसचे नीटवर होतात. समान गुणांची बरोबरी फोडण्यापुरता कुठे दहावीचा विचार झाला तर झाला, एरवी यांपैकी कोणत्याही परीक्षेतला क्रमांक दहावीवर ठरत नाही. शिवाय ते ९५ टक्के सर्वोत्तम पाच विषयांचे असतात आणि त्यांत खेळाचे किंवा एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांचे वाढीव गुणही मिसळलेले असू शकतात. मुलाने चित्र चांगले काढले याचा आनंद आहेच, पण त्यावरून त्याला कलनशास्त्र किती जमेल हे कळत नाही. दहावीचे गुण खरोखर लागतात ते अकरावीच्या आणि पॉलिटेक्निकच्या प्रवेशाला.

बारावीच्या गुणांना किंमत नाही, हे विधान शिळे आहे. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशासाठी बारावीला ७५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ६५ टक्के, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, अशी अट आहे. कोरोनाच्या काळात ती शिथिल झाली होती आणि २०२३ पासून पुन्हा लागू झाली. संदेश बहुधा त्या मधल्या वर्षांत लिहिला गेला आणि तसाच पुढे ढकलला जातो आहे. कॉलेजात केवळ नाव घालून दोन वर्षे दिवसभर क्लासमध्ये बसणाऱ्या मुलाला हीच अट नेमकी आडवी येते.

आता सोलापूर सोडण्याचा प्रश्न, ज्यापायी घरे कर्जात जातात. महाराष्ट्रात मेडिकलच्या जागांसाठी ७०:३० अशी प्रादेशिक विभागणी, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के राज्यभरातल्या, होती हे खरे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन गट होते, सोलापूर तिसऱ्यात मोडत असे, आणि त्या काळी लातूरला बारावी करण्याला कोट्याचा अर्थ होता. पण ही विभागणी सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. १५ टक्के अखिल भारतीय जागा वगळल्यावर सरकारी महाविद्यालयांतल्या उरलेल्या ८५ टक्के जागांसाठी आता राज्याची एकच गुणवत्ता यादी लागते, आणि डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातली जागा सोलापूरच्या मुलाला जेवढी खुली आहे तेवढीच लातूरच्या. लातूरची शिकवणी आणि तिथली अभ्यासाची शिस्त यांच्याविषयी मला आदरच आहे. ज्याला त्यासाठी जायचे त्याने जरूर जावे, पण कोट्यासाठी जाऊ नये, कारण तो कोटाच उरलेला नाही.

हैदराबादचा सल्ला तर उलटा अंगावर येऊ शकतो. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, नातेवाईक तिकडे असतात, रात्रीची गाडी सोयीची असते, त्यामुळे तो पर्याय स्वाभाविक वाटतो. मात्र महाराष्ट्राच्या ८५ टक्के मेडिकल जागांसाठी काही अपवाद सोडता दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. एनआयटीच्या निम्म्या जागा त्या-त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात आणि ते राज्य बारावी कुठे केली यावरून ठरते. म्हणजे बारावी तेलंगणातून दिली की व्हीएनआयटी या नागपूरच्या एनआयटीतला राज्याचा वाटा गेला, आणि मेडिकलचा विचार मागाहून सुचला तर तोही दरवाजा बहुतेक बंद. क्लास कुठे लावला याने काही बिघडत नाही. बारावीचा दाखला कोणत्या राज्याचा, याने बिघडते.

संधी कमी आहे हे मी नाकारत नाही. जेईई मेनला १४ लाखांहून अधिक मुले बसतात, त्यांतील सुमारे अडीच लाख अॅडव्हान्स्डला पात्र ठरतात आणि तेवीस आयआयटींत मिळून जागा आहेत सुमारे १८ हजार. ही चाळणी राजस्थानातले कोटा शहर, पुणे, लातूर आणि सोलापूर या सगळ्यांना सारखीच आहे. त्या आकड्यांतून शून्य हा आकडा कसा काढला, हे संदेश सांगत नाही.

पर्सेंटाइलचा घोळ थोडक्यात मिटतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी पाच टक्के तुमच्या पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. जेईईत ते पाच टक्के म्हणजे सुमारे सत्तर हजार मुले, सीईटीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात चार लाख धरले तर वीस हजार. एकच आकडा दोन परीक्षांत दोन वेगळ्या जागी उभा असतो, आणि सीओईपीसाठी पाहायचा असतो तो सीईटीचा.

पर्यायांच्या क्रमाविषयीची भीती मात्र मी समोर बसून पाहिली आहे. गेल्या वर्षी एका यंत्रमाग कामगाराच्या मुलीचा ऑप्शन फॉर्म पाहायला बसलो, तर वहीच्या पानावर तिने सोलापूर, मग बार्शी, मग पंढरपूर अशी कॉलेजे लिहून सीओईपी चौदाव्या क्रमांकाला ठेवले होते. "सर, वर टाकलं आणि नाही लागलं तर खालचीपण जाणार ना?" असे तिने विचारले. जात नाहीत. संगणक विद्यार्थ्याच्या गुणवत्ता क्रमांकाने त्याची यादी वरून खाली तपासतो, आणि त्या क्रमांकाला जागा शिल्लक असलेला पहिला पर्याय देतो. वरचा न मिळाल्याची शिक्षा खालच्या पर्यायाला होत नाही. तिच्या क्रमाने सोलापूर पहिल्याच फेरीत लागले असते, आणि पहिला पर्याय पहिल्या फेरीत मिळाला की तो आपोआप कायम होतो, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. म्हणजे भीतीपोटी केलेला क्रमच तिला अडकवणार होता. पान उलटे लिहून काढायला आम्हाला दहा मिनिटे लागली.

संदेशात जे नाही, त्याने जागा अधिक जातात. आयआयटी-एनआयटीसाठी ओबीसींचे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातले आणि त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचे लागते, त्यामुळे राज्याच्या कामासाठी काढलेले जुने प्रमाणपत्र तिथे चालत नाही. राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे जातो, तिथे वडील-आजोबांचे शाळेचे दाखले मागितले जातात, आणि आजोबांची शाळा अक्कलकोट तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात असेल तर तो उतारा मिळवायला दोन-तीन फेऱ्या ठरलेल्याच. सीईटीच्या निकालानंतर हे काम काढले तर वेळ पुरत नाही. अकरावीच्या दिवाळीत काढले तर पुरतो.