मोगरा, भूप आणि घोडा

शांघायला राहायला आलो तेव्हा पोराला चिनी संस्कृतीची ओळख आपणच करून द्यायची, असा मी पण केला. ज्याला मंडईत आलं मागता येत नाही त्याने असला पण करणं, याला आमच्या आईच्या भाषेत 'नसती हौस' म्हणतात. चिरंजीव साडेचार वर्षांचे.

सुरुवात गोष्टींपासून. न्येन नावाचा राक्षस वर्षाच्या शेवटच्या रात्री गावात शिरतो. लाल रंग, उजेड आणि फटाक्यांचा आवाज म्हटलं की पळत सुटतो. मी अंगविक्षेपांसह रंगवून सांगितलं. चिरंजीव म्हणाले, "मग बाकी दिवस काय खातो?" आणि पुढचे चार दिवस लाल टी-शर्ट अंगातून काढू देईनात. आंघोळीलाही नाही.

मग बारा राशींची शर्यत. चिनी राशी म्हणजे बारा प्राणी. स्वर्गाच्या सम्राटाने प्राण्यांना नदी ओलांडून यायला सांगितलं. उंदीर बैलाच्या पाठीवर बसला आणि काठ येताच टुणकन उडी मारून पहिला आला.

"म्हणजे बाप्पा पहिला!"

"बाप्पा नव्हता रे त्यात."

"उंदीर आहे आणि बाप्पा नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोराने हीच आवृत्ती बालवाडीत सांगितली. पालकांच्या वीचॅट गटावर लाओशींनी, म्हणजे बाईंनी, 'हे बाप्पा कोण?' असं फार आदराने विचारलं. मी भाषांतराच्या अ‍ॅपवरून हत्तीचं डोकं, मोठं पोट, वाहन उंदीर, असं सगळं कळवलं. बराच वेळ शांतता. मग कुणाच्या तरी आजीने विचारलं, "उंदीर ठीक आहे ना?"

खरी परीक्षा मात्र गाण्याची. नववर्षाच्या कार्यक्रमात मुलांनी 'मोलीहुआ' गायचं आणि आधी पालकांनी त्यातली एकेक ओळ म्हणून दाखवायची. हे शेजारच्या च्यांग्सू प्रांतातलं लोकगीत. फूल खुडून माळावंसं वाटतंय, पण राखणारा रागावेल, एवढीच त्यातली तक्रार. मोलीहुआ म्हणजे आपला मोगरा. 'मोली' हा शब्दही संस्कृत 'मल्लिके'वरून गेलाय म्हणतात. हे कळल्यावर मी उगाचच मुलीकडच्या मांडवात बसल्यासारखा ताठ झालो.

व्हिडिओ कॉलवर आईने चाल ऐकली आणि पोळपाट बाजूला सारला. "अरे, हा तर भूप! ग ग प ध सां सां ध प... मध्यम नाही, निषाद नाही." खरंच, चिनी संगीताचे जुने पाच स्वर म्हणजे आपले सा रे ग प धच. इटालियन संगीतकार पुचिनीने हीच चाल उचलून 'तुरांदोत' या ऑपेरात घातली. तो १९२६ साली रंगमंचावर आला. त्यानंतर तिच्यावर हात चालवणारी बहुधा माझी आईच. आठवड्याभरात चिरंजीव मोगऱ्याला मींड घेऊ लागले. लाओशींनी कपाळाला हात लावला नाही, ही त्यांची संस्कृती.

माझ्या वाट्याला नेमकी रागावण्याची ओळ आली. त्यातला कळीचा शब्द 'मा'. चिनीत स्वर बदलला की अर्थ बदलतो: सपाट, उंच 'मा' म्हणजे आई, खाली जाऊन वर येणारा, घोडा, वरून खाली आपटलेला, रागावणं. गाताना चालीत हे सगळं झाकून जातं. पण मला गायचं नव्हतं, म्हणायचं होतं. राखणारा रागावेल म्हणायला जावं, तर माझ्या तोंडून दरवेळी घोडाच उधळायचा.

"बाबा, परत घोडा."

"मा."

"आता आई आली."

रात्रीचे दहा वाजले. पोरगं जांभया देत समजावत होतं, "वरून खाली टाकायचा, बाबा. धप्पकन." मी टाकत होतो, तो मध्येच वळून वर यायचा. शेजारच्यांनी भिंतीवर टकटक केली.

तेवढ्यात बायको आतून ओरडली, "दूध!"

चिरंजीव टाळ्या पिटत उठले. "हां बाबा! अस्सं!"