बेल्टपॅकची शिट्टी, मोबाइलचा कॉल आणि ‘गो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नाटकाच्या प्रयोगासाठी इंटरकॉमचे बेल्टपॅक (पडद्यामागच्या मंडळींनी आपसांत बोलण्यासाठी कमरेला लावायच्या, हेडसेट जोडलेल्या पेट्या) कसे मांडावेत आणि कसे वापरावेत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप तीन आहेत. लेखाप्रमाणे जोडणी केल्यावर लाइनवर आधी आवाज क्षीण आला आणि नंतर शिट्टी वाजू लागली, हा पहिला. चौघांनी मोबाइलवर एकत्र कॉल लावून कानात इअरफोन घातले तर हेच काम पैसे न मोजता होते, हा दुसरा. आणि काम सुरू करण्यासाठी मी सुचवलेला ‘गो’ हा इशारा आपल्या मालवणी नाटकात चालत नाही, हा तिसरा. पहिल्या आणि तिसऱ्या बाबतीत उणीव माझ्या लेखात होती. दुसऱ्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही.

शिट्टीचे कारण आपण स्वतःच लिहून गेला आहात. सामान दोन ठिकाणांहून भाड्याने आले, दोन्हींबरोबर आपापले पॉवर सप्लाय आले आणि आपण ते दोन्ही एकाच लाइनवर लावले. क्लिअर-कॉम या कंपनीच्या पद्धतीच्या पार्टीलाइनमध्ये, म्हणजे सर्वांनी मिळून वापरायच्या बोलण्याच्या लाइनमध्ये, तीन पिनांच्या एकाच माइक केबलमधून सगळा व्यवहार चालतो : पहिली पिन ग्राउंड, दुसरीवर सुमारे 30 व्होल्टची डीसी वीज आणि तिसरीवर सर्वांचा मिळून एक आवाज. ही आवाजाची तार कुठेतरी एकाच जागी सुमारे 200 ओहमच्या रोधावर टेकलेली असावी लागते. यालाच टर्मिनेशन म्हणतात, आणि ते सहसा पॉवर सप्लायमध्ये किंवा मुख्य स्टेशनमध्येच बसवलेले असते. आपण दोन सप्लाय लावल्यामुळे दोन टर्मिनेशन समांतर आली, रोध 100 ओहमवर उतरला आणि प्रत्येकाच्या बोलण्याची पातळी जवळपास निम्मी झाली. आवाज कमी वाटला म्हणून सर्वांनी आपापले व्हॉल्यूम वाढवले. पण स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात किती यावा हे ठरवणारे साइडटोनचे सर्किट 200 ओहम गृहीत धरून जुळवलेले असते. रोध बदलताच तो तोल जातो, आपलाच आवाज हेडफोनमधून मोठ्याने येऊ लागतो, तो माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. टर्मिनेशन मुळीच नसेल तरीही शिट्टी वाजते, म्हणून पुष्कळांना हा दोष यंत्राचा वाटतो. ‘टर्मिनेशन एकच असावे’ हे एक वाक्य मी लेखात लिहायला हवे होते. ते राहिले आणि त्याचा त्रास आपल्याला ऐन रंगीत तालमीत झाला, याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करतो.

पुढच्या वेळी एकच पॉवर सप्लाय ठेवावा आणि दुसरा लाइनवरून पूर्ण काढून टाकावा. दोन ठिकाणचे सामान एकत्र करताना दोन्ही एकाच पद्धतीचे आहे ना, हेही विचारून घ्यावे, कारण आरटीएस या दुसऱ्या कंपनीच्या पद्धतीत वीज आणि पहिल्या चॅनलचा आवाज दुसऱ्या पिनवर एकत्र असतात आणि तिसऱ्या पिनवर दुसरा चॅनल असतो. केबल दोन्हीकडे तितकीच नीट बसते, म्हणून फसगत होते. जोडणी झाल्यावर प्रत्येकाने स्वतःचा हेडसेट घालून, माइक सुरू करून, प्रयोगात ठेवायच्या व्हॉल्यूमवर साइडटोन लावावा. अनेक बेल्टपॅकवर त्यासाठी छोटा स्क्रू असतो. आपला आवाज आपल्याला जेमतेम ऐकू येईल, तिथे थांबावे.

आता मोबाइलबद्दल. खर्चाची आपली चिंता मला समजते; हौशी संस्थेला भाड्याचा प्रत्येक रुपया जड असतो. तरीही मोबाइलच्या कॉलवर प्रयोग सोपवू नये असे माझे ठाम मत आहे. त्या कॉलमध्ये बोलणे आणि ऐकू येणे यांत अंतर पडते आणि ते अंतर स्थिर राहत नाही. दुपारी रिकाम्या नाट्यगृहात ते जेवढे असते तेवढेच तिसऱ्या घंटेनंतर, सभागृहात शेकडो फोन आल्यावर, राहील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय फोन गोंगाट गाळण्यासाठी हळू आवाज दाबतो, आणि विंगेत उभा राहणारा माणूस नेमका हळूच बोलत असतो. तारेच्या पार्टीलाइनवर शब्द उच्चारताक्षणी पोहोचतो, सर्वजण एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकतात, आणि हात मोकळे राहतात.

वॉकीटॉकीचा पर्याय आपण सुचवलेला नाही, पण इतर अनेक जण सुचवतात, म्हणून स्वतःचा अनुभव सांगतो. एका एकांकिका स्पर्धेत आम्ही वॉकीटॉकीवर काम चालवत होतो. शेवटच्या प्रवेशात मी पडदा सोडणाऱ्या मुलाला म्हणालो, ‘अजून नको, सोडू नकोस.’ बटण दाबताक्षणीच मी बोलायला लागलो, त्यामुळे सुरुवातीचे दोन शब्द गेले. बटण घाईने सोडले, त्यामुळे शेवटचा शब्द गेला. त्याच्या कानी पडले ते एवढेच : ‘सोडू’. नायिकेची दोन वाक्ये शिल्लक असताना पडदा पडला. मुलाने ऐकले तसे केले होते. तिचा पडद्यामागचा चेहरा मला आजही आठवतो, आणि बेल्टपॅकविषयी मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याचे खरे कारण तोच प्रसंग आहे.

त्या दिवसापासून मी इशाऱ्याच्या भाषेकडे लक्ष देऊ लागलो, आणि आपला तिसरा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो तो त्यामुळेच. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर. ‘पडदा सोडू नका’ या वाक्यात ‘सोडू’ ऐकताच सावध ऑपरेटरचा हात हलतो, आणि ‘नका’ उशिरा पोहोचतो. म्हणून लाइनवर नकारार्थी वाक्य बोलूच नये. थांबवायचे असेल तर ‘थांब’ एवढेच म्हणावे. सुरू करण्याचा शब्द मात्र एकच असावा, तो सर्वात शेवटी यावा आणि इतर बोलण्यात चुकूनही येऊ नये, म्हणून मी ‘गो’ सुचवला होता. मालवणी संवादांत ‘काय गो’, ‘खंय गेललंस गो’ असे दर दोन वाक्यांनी येते, हे मात्र माझ्या ध्यानातच आले नाही. विंगेतला एखादा माइक उघडा राहिला तर हा ‘गो’ थेट लाइनवर येतो, आणि सगळे माइक बंद असले तरी एका कानाचा हेडसेट घातलेल्या ऑपरेटरच्या मोकळ्या कानावर तो रंगमंचावरून पडतोच. अशा नाटकात शब्दापेक्षा बेल्टपॅकवरचा कॉलचा दिवा वापरावा : दिवा लागला की तयार राहायचे, विझला की आपला क्यू, म्हणजे ठरलेला प्रकाशाचा किंवा ध्वनीचा बदल, करायचा. पार्टीलाइनवर हा दिवा त्या चॅनलवरच्या सर्वांकडे एकदम लागतो, हे विसरू नये. प्रकाश आणि ध्वनी यांचे क्यू लागोपाठ असतील तर त्यांना वेगळे चॅनल द्यावेत, किंवा तयार राहण्याची सूचना तोंडी देताना विभागाचे नाव आधी घ्यावे.

क्यूच्या आकड्यांविषयीही थोडे लिहितो, कारण आपल्या प्रतिक्रियेत ‘एकोणतीस’ऐवजी ‘एकोणचाळीस’ गेल्याचा उल्लेख ओझरता आला आहे. मराठी आकड्यांत एकक आधी आणि दशक नंतर येत असल्याने ‘पंचवीस’, ‘पस्तीस’, ‘पंचेचाळीस’ हेडसेटवर एकमेकांत मिसळतात, आणि ‘एकोण’ने सुरू होणारे तर सगळेच. आम्ही आकडे सुटे बोलतो : ‘लाइट दोन नऊ’, ‘साउंड चार पाच’. नवीन मुलांना पहिले दोन दिवस हे अवघडल्यासारखे वाटते, मग सवय होते.

मूळ लेखात टर्मिनेशनचा परिच्छेद आणि मालवणी नाटकांविषयीची सूचना आज जोडली आहे. एकच सप्लाय ठेवूनही शिट्टी राहिली, तर सर्व बेल्टपॅकचे माइक बंद करून एकेक सुरू करून पाहावा. ज्याच्यावर शिट्टी येते त्याचा साइडटोन पुन्हा लावावा. शिट्टीऐवजी सतत गुणगुण येत असेल, तर केबलच्या टोकाचे धातूचे कवच आतून पहिल्या पिनला जोडलेले आहे का, ते कनेक्टर उघडून पाहावे, आणि जोडलेले असल्यास तेवढा जोड काढून टाकावा.

कळावे.