डायरीतलं ते पान

गेल्या आठवड्यात मी एक तारीख शोधत होते. बाबा हॉस्पिटलमधून घरी आले त्यानंतर एका रात्री आम्ही तिघं भावंडं खूप वर्षांनी एकत्र जेवायला बसलो होतो, तो दिवस नक्की कुठला यावरून ताईचं आणि दादाचं एकमत होईना. मी म्हटलं थांबा, माझ्याकडे त्या वर्षीची डायरी आहे, मी रोज लिहायचे. डायरी काढली. रोज लिहिलेलं होतंच, फक्त त्यात बाबा कुठेच नव्हते. सकाळचं वजन, कॅलरी, किती पावलं चालले, परत वजन. शेवटी एका पानावर सापडलं. "६७.४. रात्री सगळ्यांसोबत जेवावं लागलं. उद्या दिवसभर फक्त लिक्विड."

जेवावं लागलं.

त्यानंतर दीड महिन्यात बाबा गेले. मी ते पान घेऊन किती वेळ नुसती बसून होते मला माहीत नाही. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे, आज लिहितेय, लांब होईल.

मी पहिलं डाएट केलं तेव्हा १४ वर्षांची होते. कुणीतरी म्हणालं "किती सुटलीयेस गं", आणि झालं सुरू. पुढची २२ वर्षं मी एकतर डाएटवर होते नाहीतर डाएट मोडल्याच्या अपराधी भावनेत होते, तिसरी अवस्थाच नव्हती. वजन उतरायचं, मग उतरलेलं परत यायचं आणि सोबत अजून २-३ किलो घेऊन यायचं. दर वेळी एकच निष्कर्ष, माझ्यात जिद्द नाही, माझा जिभेवर ताबा नाही. घरचे तेच म्हणायचे, दवाखान्यात तेच ऐकायचे. एकदा गुडघा दुखतो म्हणून गेले तर तपासायच्या आधीच "आधी वजन कमी करा" म्हणून परत पाठवलं. त्यानंतर मी कितीतरी वर्षं डॉक्टरकडे जायचंच टाळलं, आणि हे टाळणारी मी एकटी नाही हे मला मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं.

मला कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं की भूक म्हणजे चारित्र्यातला दोष नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. ३६ तरुण पुरुष, सगळे निरोगी, स्वतःहून तयार झालेले. २४ आठवडे त्यांना रोज साधारण १६०० कॅलरी दिल्या. ही माणसं चिडचिडी झाली, उदास झाली, त्यांना सारखी थंडी वाजायची, आणि त्यांच्या डोक्यात जेवणाशिवाय काही राहिलंच नाही. ताटं चाटायचे, पाककृतींची पुस्तकं जमवायचे, ज्यांना आधी त्यात फारसा रस नव्हता तेसुद्धा. प्रयोग संपून पोटभर खायला मिळाल्यावरही कितीतरी जणांना पोट भरल्यासारखंच वाटत नव्हतं.

मला मिळालेला चार्ट १२०० चा होता. आणि मी रात्री उठून अंधारात उभ्याने खायचे तेव्हा मला वाटायचं की मी घाणेरडी आहे.

वजन उतरलं की शरीर गप्प बसत नाही. पोटातून भूक लागल्याचा निरोप नेणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं, पोट भरलंय सांगणारं लेप्टिन कमी होतं, आणि हे वर्ष झालं तरी पूर्ववत होत नाही हे मोजलेलं आहे. टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना ६ वर्षांनी तपासलं (२०१६ साली ते छापून आलं), तर १४ पैकी १३ जणांचं वजन पुन्हा वाढलेलं आणि शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे ज्याला आपण हरणं म्हणतो ते शरीर आपल्याला जगवायची धडपड करत असतं, इतकं साधं आहे.

आणि बारीक व्हायचा हा ध्यास आपल्यात जन्मतः नसतो बरं का, तो शिकवला जातो. फिजीमध्ये एका भागात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. तिथे भरलेलं अंग चांगलं समजायचे. तेव्हा वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही शाळकरी मुलगी पाहणीत सापडली नव्हती. १९९८ मध्ये परत विचारलं तर ११.३ टक्के मुली तसं करत होत्या. तीन वर्षांत! हा आकडा वाचला की मला माझी चौदाव्या वर्षातली मी दिसते.

अजून एक सांगायचंय. बाबा गेल्यावर मला घास उतरत नव्हता, ८ किलो गेले, केस गळले, पाळी थांबली. आणि लोक येऊन म्हणायचे "काय मस्त बारीक झालीस, काय केलंस?" मी थँक्यू म्हणायचे. मला तेव्हा आतून खरंच बरं वाटायचं, आणि हेच मला आज सगळ्यात जास्त छळतं. प्लीज, कुणाचं वजन उतरलेलं दिसलं तर कौतुक करायच्या आधी थांबा, ते का उतरलंय तुम्हाला माहीत नसतं.

मी औषधोपचारांच्या विरोधात नाही, ज्याला डॉक्टरांनी कारणासाठी सांगितलंय त्याने जरूर करावं. पण शरीराचा स्वीकार म्हणजे रोज आरशासमोर "मी सुंदर आहे" म्हणणं असं मला वाटत नाही, मला ते जमतही नाही, काही दिवस पोट अजूनही आवडत नाही. माझ्यासाठी स्वीकार म्हणजे आत्ताच्या मापाचे कपडे आत्ता घेणं, बारीक झाल्यावर घालेन म्हणून ठेवलेले देऊन टाकणं. भूक लागली की जेवणं, आणि त्याला "चीट" न म्हणणं. १६ वर्षांनी पोहायला गेले, पहिले दहा मिनिटं टॉवेल सोडवत नव्हता, मग पाण्यात उतरले आणि गुडघा पहिल्यांदा दुखला नाही. वजनकाटा घरात नाही. सुरुवातीला सकाळी उठल्यावर पाय आपोआप तिकडे वळायचे, आता नाही वळत.

ताई, दादा, तारीख सापडली, ती मी तुम्हाला वेगळी पाठवते. पण मला एक सांगा. त्या रात्री जेवताना बाबा काय बोलले? ते बराच वेळ बोलत होते एवढं आठवतंय, मी ताटातल्या कॅलरी मोजत होते. तुम्हाला जे आठवेल ते, अर्धवट असलं तरी चालेल, डायरीची मागची पानं कोरी आहेत, तिथे लिहून ठेवायचंय.