मेंढी विमानात बसली, त्यानंतर

ज्या घरात उद्याच्या भाजीवर एकमत होत नाही, त्या घराने एकत्र बसून गोष्ट रचायला जाऊ नये. पण भाची बंगळुरूहून आली ती ‘रोरीज स्टोरी क्यूब्ज’ घेऊनच. रोरी ओकॉनर नावाच्या आयरिश गृहस्थाची ही करणी. नऊ फासे, प्रत्येकावर सहा चित्रं, म्हणजे एकूण 54. आकडे नाहीत, हार-जीत नाही. नऊही फासे टाकायचे आणि वर आलेली चित्रं गुंफत एकेकाने गोष्ट पुढे न्यायची.

“मामा, 1 कोटीहून जास्त जुळण्या होतात यांच्या. तीच गोष्ट पुन्हा यायचीच नाही!”

पोरीला आजोळ अजून कळलेलं नाही.

सुरुवात तिने झोकात केली. “एकदा एक मेंढी विमानात बसली.” पुढचा नंबर दादाचा. दादा सोसायटीचा सेक्रेटरी. त्याने मनोरा उचलला. “विमान उतरलं आणि मेंढी आमच्या बी विंगमध्ये आली. तर लिफ्ट बंद!”

“मोठे मामा, लिफ्टचं चित्र कुठाय?”

“एवढा उंच मनोरा, लोक काय जिन्याने चढतात?”

किल्ली आईकडे गेली. “निघताना कुलूप नीट लावलं होतं का तिने? आणि गॅस?” झालं! मेंढी उलटपावली घरी. पुढे न्यायची गोष्ट आईने विमानाच्याही आधी नेऊन ठेवली.

मग बायकोला मासा आला आणि खेळाने मान टाकली. तिचं माहेर कुडाळ. फाशावरचा मासा म्हणजे दोन रेघा आणि एक ठिपका, पण तिने तो जवळ धरून न्याहाळला. “बांगडा वाटतोय.” आई म्हणाली, पापलेट असेल. “पापलेट असा असतो? बांगडाच. तिरफळं घालून करायचा.” दादाला तिरफळाचा वासच सोसत नाही, हे त्याने सविस्तर सांगितलं. मेंढी शाकाहारी असते, हे भाचीचं म्हणणं कोणी ऐकलंच नाही. आमटीत चिंच की आमसूल, यावरून दोन तट पडले.

“आणि चित्रांवरून गोष्टी सांगणं आम्हाला आयरिश माणसाने कशाला शिकवायला हवं?” बायकोला जोर चढला. “आमच्या शेजारी पिंगुळीला ठाकर मंडळी चित्रकथी करतात. एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगतात.” अगदी खरं आहे. फक्त तिथे ऐकणारे मध्येच रावणाच्या घरी गॅस चालू राहिला का, असं विचारत नाहीत.

उरलेल्या फाशांवर “राहू दे आता, तू लिहितोस ना, तूच कर शेवट,” असा ठराव झाला. लिहिणाऱ्या माणसाला घरात कामाला लावायची संधी एरवी येत नसावी. मेंढी तेव्हा एकाच वेळी बी विंगच्या तळमजल्यावर, स्वतःच्या घरी आणि कुडाळच्या स्वयंपाकघरात होती. मला कासव आलं. मी म्हटलं, “शेवटी एका कासवाने मेंढीला पाठीवर घेतलं आणि हळूहळू तिच्या कळपात नेऊन सोडलं.”

आत्याने इतका वेळ वाती वळता वळता सगळं ऐकलं होतं. जन्मभर शाळेत मराठी शिकवून ती निवृत्त झाली आहे.

“तात्पर्य?”

“आत्या, खेळ आहे हा.”

“शीर्षकही नाही. गुण कापले.”

“ते असू दे,” दादा म्हणाला, “लिफ्ट चालू झाली की नाही?”